हाक मारली तरी मांजर येत नाही: पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारीचा उलगडा

वडोदऱ्यात मांजर पाळणाऱ्या मराठी घरांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. एरवी स्वयंपाकघरात पायात घोटाळणारे आणि संध्याकाळी हक्काने मांडीवर येऊन बसणारे मांजर एकाएकी ओळख नसल्यासारखे वागू लागते. हाक मारली तर ढुंकून पाहत नाही, जवळ गेले तर उठून दुसऱ्या खोलीत जाते आणि आठ-पंधरा दिवसांनी आपोआप पूर्ववत होते. घरातली माणसे निश्चिंत होतात आणि दोन-तीन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. 'मांजराला घराचा लळा असतो, माणसाचा नसतो' असे म्हणून हा विषय बहुधा तिथेच सोडून दिला जातो. तो तसा सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण हे वागणे पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच्या आधी घरात काहीतरी पुन्हा पुन्हा घडत असते, आणि नीट शोधले तर ते सापडते.

माणसाचा लळा मांजराला नसतो ही समजूत तपासूनही पाहिली गेली आहे. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या पिल्लांना त्यांच्या माणसासह अनोळखी खोलीत ठेवले, माणसाला थोडा वेळ बाहेर पाठवले आणि तो परत आल्यावर पिल्लू काय करते ते पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्ले माणूस परत येताच शांत झाली आणि पुन्हा निर्धास्तपणे खोली धुंडाळू लागली. लहान मुलांच्या तशाच चाचण्यांत दिसणाऱ्या प्रमाणाशी हे प्रमाण जुळणारे आहे. म्हणून 'त्याला आपली पर्वाच नाही' हा निष्कर्ष बाकी सर्व तपासून झाल्यावरच काढावा.

आधी कान पाहावेत

मांजर आले नाही, एवढ्यावरून त्याने ऐकले नाही असे ठरत नाही. जपानमध्ये अत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी मांजरांना त्यांच्या स्वतःच्या घरीच अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. २०१३ च्या या अभ्यासात मांजरांनी मालकाचा आवाज ओळखला, पण ही ओळख त्यांनी मुख्यतः कान वळवून आणि मान हलवून दाखवली. उठून आवाजाच्या दिशेने चालत जाण्याचा प्रकार क्वचितच घडला. साइतो यांच्याच २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की घरात वाढलेली मांजरे स्वतःचे नाव त्याच घडणीच्या इतर शब्दांतून वेगळे काढू शकतात. आपण हाक मारतो तेव्हा उत्तराची अपेक्षा मांजराच्या पायांकडून करतो, पण पहिले उत्तर त्याच्या कानांत मिळते.

म्हणून पहिली तपासणी अशी करावी. मांजर जागे पण निवांत बसलेले असताना त्याच्या मागच्या बाजूला, शक्यतो दाराआड उभे राहावे आणि नेहमीच्या आवाजात एकदाच हाक मारावी. कानाची पाळी मागे फिरली, मान किंचित वळली किंवा शेपटीचे टोक हलले, तर त्याने ऐकले आहे आणि न येण्याचे कारण दुसरीकडे शोधायचे आहे. यांपैकी काहीच घडले नाही, तर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पाहावे. दांडिया बाजार, रावपुरा भागातील जुन्या वाड्यांत माडीला लाकडी तक्तपोशी असते, तिथे ही तपासणी करताना अगदी स्थिर उभे राहणे आवश्यक आहे, कारण ऐकू न येणारे मांजरही आपल्या पावलांचा कंप पंजांनी टिपते आणि घरातील माणसांना ते ऐकते असा भास होतो. टाळी वाजवून किंवा फटका मारून पाहू नये. जवळून वाजवलेल्या टाळीने हवेचा झोत लागतो आणि चाचणी निरुपयोगी होते, शिवाय ज्याला ऐकू येते ते मांजर विनाकारण बिचकते.

पांढरेशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मजात बहिरेपणा निम्म्याहून अधिक वेळा आढळतो. वय झालेल्या मांजराचे कान हळूहळू जातात. ऐकू कमी येण्याचे सुधारता येण्याजोगे कारण म्हणजे कानातील सूक्ष्म किडे आणि त्यांच्यामुळे साचणारा काळपट, भुसभुशीत मळ. मांजर डोके सतत झटकत असेल किंवा मागच्या पायाने कान खाजवत असेल, तर कापसाच्या काडीने घरी उकरत न बसता पशुवैद्याकडे न्यावे.

दुखणे आहे का, हे दुसऱ्या क्रमांकावर

जे मांजर नेहमीच अलिप्त आहे त्याची गोष्ट वेगळी आणि जे आठवड्याभरात बदलले त्याची वेगळी. अचानक आलेला दुरावा हा दुखणे नसल्याचे सिद्ध होईपर्यंत दुखणेच समजावा, असे माझे ठाम मत आहे. मांजर शिकार करते, तसे रानात स्वतःही मोठ्या जनावराची शिकार होऊ शकते, त्यामुळे वेदना लपवणे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. ते विव्हळत नाही, केवळ बाजूला होते.

बारकाईने पाहिले तर चिन्हे दिसतात. पूर्वी एका झेपेत कपाटावर जाणारे मांजर आता आधी खुर्चीवर आणि मग कपाटावर जाते. कमरेजवळचे केस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, कारण वळून तिथपर्यंत जीभ नेणे त्याला जड जाते. खाताना मान तिरकी करून एकाच बाजूने चावते किंवा वाटीजवळ उत्सुकतेने येऊन वास घेते आणि मागे फिरते. असे असेल तर दात आणि हिरड्या दाखवाव्यात. २००२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासण्यात आली, तेव्हा ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसून आली, आणि यांतील बहुतेकांच्या बाबतीत ही झीज आधी कोणाच्या लक्षातही आलेली नव्हती. थंडीच्या दिवसांत हे दुखणे वाढते आणि उकाडा सुरू झाला की कमी होते. दर डिसेंबरात रुसणाऱ्या म्हाताऱ्या मांजराचे कोडे अनेकदा इथेच सुटते.

काही गोष्टींत वाट पाहू नये. बोका लघवीसाठी वारंवार बसत असेल आणि थेंबही येत नसेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे, कारण उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. अंग गरम लागते म्हणून घरातील पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. माणसाचे यकृत ज्या प्रक्रियेने हे औषध निकामी करते, ती मांजरात फारच अपुरी असते, आणि एक गोळीदेखील त्याचा जीव घेऊ शकते.

वाटीत काय आहे?

हा मुद्दा वडोदऱ्यासारख्या शहरात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. इथल्या पुष्कळ मराठी घरांत मांसाहार नाही, काही घरांत अंडेही येत नाही, आणि मांजर वर्षानुवर्षे दूध-पोळी, दहीभात आणि तूप लावलेल्या भाकरीवर वाढते. अंगावर तुकतुकी असते, वजन चांगले असते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. परंतु मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य कुत्र्याचे किंवा माणसाचे शरीर बऱ्यापैकी स्वतः तयार करते, मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही, आणि धान्यात ते नसते. दुधात ते अत्यल्प असते.

टॉरिन दीर्घकाळ कमी पडले की डोळ्याच्या पडद्यातील पेशी मरू लागतात आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगते. कॅलिफोर्नियातील पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की अशा मांजरांना टॉरिन दिल्यावर हृदय सुधारू शकते. डोळ्याचे गेलेले भाग मात्र परत येत नाहीत. आता या मांजराचे वागणे बाहेरून कसे दिसेल याचा विचार करावा. ते आपल्याकडे पाहत नाही, कारण त्याला आपण नीट दिसत नाही. ते खेळायला येत नाही, कारण त्याला धाप लागते. आपण त्याला 'दुर्लक्ष' म्हणतो आणि महिने निघून जातात.

घरी पाहण्यासारखी खूण अशी की भर उजेडातही डोळ्यांतील बाहुल्या मोठ्याच राहतात. पलंग किंवा खुर्ची हलवली की मांजर त्यावर आपटते, जुन्या जागेवरून मात्र बिनचूक चालते. आवाज न करता डोळ्यांसमोर कापसाचा बोळा वरून खाली सोडला, तर त्याची नजर बोळ्यामागे जात नाही. यांपैकी काही आढळले, तर डोळ्यांची तपासणी तातडीने करून घ्यावी. उपायासाठी मांजराचेच तयार खाद्य वापरावे, त्यात टॉरिन घातलेले असते; कुत्र्याचे खाद्य चालत नाही, आणि केवळ अंड्यानेही गरज भागत नाही. सोवळ्याचे घर असेल तर मागच्या पडवीत वेगळी वाटी, वेगळा डबा आणि वेगळी फडकी ठेवून अनेक कुटुंबांनी हा प्रश्न सोडवलेला मी पाहिला आहे. हेही ज्या घरात शक्य नसेल, त्यांनी मांजर आणू नये. हे कोणाला कठोर वाटेल, पण त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांचा प्रश्न असल्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. दुधाबद्दल एवढेच की बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि पोट बिघडलेले मांजर कोणाच्या मांडीवर बसत नाही.

हाक खराब होते ती अशी

कान ठीक, तब्येत ठीक, आहार ठीक, तरीही मांजर हाकेला येत नसेल, तर त्या हाकेनंतर गेल्या काही दिवसांत काय काय घडले ते आठवावे. रावपुऱ्यातील आमच्या एका नात्यातील आजींच्या मनीचे उदाहरण इथे सांगतो. तिच्या कानात औषधाचे थेंब घालायचे होते. आजी दारात उभ्या राहून प्रेमाने 'मने, ये गं' म्हणत, मनी शेपटी उभी करून येई, आणि आली की सूनबाई तिला टॉवेलमध्ये गुंडाळून कानात थेंब सोडत. काही दिवसांतच 'मने' ऐकले की ती पलंगाखाली जाऊ लागली. मजेची गोष्ट अशी की खाद्याच्या डब्याचे झाकण निघाल्याचा आवाज आला की ती त्याच पलंगाखालून धावत बाहेर येई. तिच्यापुरता त्या दोन्ही आवाजांचा अर्थ स्वच्छ होता, आणि औषधाचा कोर्स जितक्या वेळा निघाला तितक्या वेळा हा दुरावा परतून आला.

उपाय साधा होता, पण तो घरातील सर्वांनी पाळावा लागला. औषधाच्या वेळी हाक मारायचीच नाही. मांजर जिथे असेल तिथे शांतपणे जायचे, काम उरकायचे आणि लगेच आवडीचा घास द्यायचा. हाक मात्र फक्त चांगल्या गोष्टीसाठी राखून ठेवायची. मनीसाठी आजींनी 'मने'ऐवजी 'चिऊ' ही नवी हाक धरली, ती मारताच घास पुढे केला, आणि मनी त्या हाकेला पुन्हा येऊ लागली. औषध, पिंजरा, नखे कापणे, आंघोळ आणि बाहेरून ओढून घरात आणणे, या पाचही गोष्टींना हाक जोडू नये. मुलांनी खेळ म्हणून दिवसातून वीस-वीस वेळा नावाने हाक मारली आणि पुढे काहीच घडले नाही, तरीही ती हाक निरर्थक होते. पंख्याच्या घरघरीकडे आपण लक्ष देत नाही, तसे मांजर तिच्याकडे लक्ष देणे सोडून देते.

स्पर्शाचेही असेच आहे. झुरिकचे प्राणिवर्तन-अभ्यासक डेनिस टर्नर यांच्या निरीक्षणांतून असे दिसते की माणसाने सुरू केलेल्या जवळिकीपेक्षा मांजराने स्वतः सुरू केलेली जवळीक अधिक वेळ टिकते. म्हणून त्याला उचलून मांडीवर घेण्याचे काही दिवस पूर्ण थांबवावे, जमिनीवर बसावे, बोट नाकाच्या पातळीला धरावे आणि गाल घासायचा की नाही ते त्याला ठरवू द्यावे. गाल, हनुवटी आणि कानांच्या मुळाशी दोन-तीन वेळा कुरवाळून हात मागे घ्यावा. त्याने मान पुढे केली तर पुन्हा सुरू करावे. पोट आणि शेपटीचे मूळ टाळावे. कातडी थरथरली, शेपटी आपटू लागली किंवा कान आडवे झाले, की पंजा उगारण्याआधीच आपण थांबावे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात, माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटून उघडले तर मांजरेही तसा प्रतिसाद देतात आणि जवळ येण्याची शक्यता वाढते, असे आढळले. रोखून पाहणे मात्र त्यांना धमकी वाटते.

दिवस कोणते होते?

वडोदऱ्याच्या वर्षात मांजराला हैराण करणारे काही काळ ठरलेले आहेत. नवरात्रात नऊ रात्री गरब्याचे ध्वनिवर्धक चालतात, दिवाळीत फटाके असतात, आणि १४ जानेवारीला उत्तरायण व दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण या दोन दिवसांत प्रत्येक गच्चीवर माणसे, पिपाण्या आणि आरोळ्या असतात. आपण घरात तिळगूळ वाटत असतो आणि वर्षभर जी गच्ची त्याच्या मालकीची होती तिथून त्याला हुसकावलेले असते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला सुमारे ८५ हजार हर्ट्झपर्यंतचे. आपल्याला सुसह्य वाटणारा गोंगाट त्याच्यासाठी तसा नसतो. त्या दिवसांत आतल्या खोलीत, कपाटाखाली किंवा पेटीआड त्याची जागा तयार ठेवावी, पाणी व मातीचा ट्रे तिथेच द्यावा आणि त्याला ओढून बाहेर काढू नये. मांजा अंगणात पडलेला असेल तर तो गोळा करूनच मांजराला बाहेर सोडावे.

दिवाळीपूर्वीची साफसफाई हे कारण मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. मांजर दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला, आपल्या पोटरीला गाल घासते तेव्हा ते आपला वास तिथे ठेवत असते, आणि या वासांच्या आधारावर त्याला घर ओळखीचे वाटते. आपण भिंती रंगवतो, गाद्या उन्हात घालतो, फरशी फिनाईलने पुसतो, आणि एका दिवसात ही सगळी ओळख पुसून टाकतो. काळ्या फिनाईलमधील द्रव्ये पॅरासिटामॉलप्रमाणेच मांजराच्या यकृताला झेपत नाहीत आणि पंजे चाटताना ती त्याच्या पोटात जातात, त्यामुळे ती मांजराच्या घरात वापरूच नयेत. साफसफाई एकेक खोली घेऊन करावी आणि मांजराचे अंथरूण न धुता शेवटपर्यंत तसेच ठेवावे. पावसाळ्यात विश्वामित्रीचे पाणी घरात शिरून ओसरल्यावर, जसे ऑगस्ट २०२४ मध्ये घडले, मांजरे दिवसेंदिवस भेदरलेली राहतात त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते.

मे महिन्यात पुण्या-नाशिकला जाऊन आल्यावर मांजर ओळख दाखवत नाही, त्यातही वासाचा मोठा भाग असतो. शक्य असल्यास त्याला दुसरीकडे न ठेवता घरीच ठेवावे, रोज येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे किल्ली द्यावी आणि आपला वापरलेला सुती कपडा त्याच्या अंथरुणावर ठेवून जावे. परत आल्यावर लगेच कवटाळू नये. दुपारच्या बाबतीतही घाई नको: मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपते, त्याची जागृती पहाटे आणि तिन्हीसांजेला असते, आणि बेचाळीस अंश तापलेल्या दुपारी मोरीजवळच्या थंड फरशीवर पसरलेल्या मांजराला हाका मारून काही कळत नाही.

काही मांजरे मुळातच थोडी दूर राहणारी असतात. पिल्लाचे वय दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा हात लागला नसेल, तर पुढे ते सावधच राहते. पोळीतल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, जिन्याखालून तीन महिन्यांचे पिल्लू उचलून आणले असेल, तर ते आपल्यापासून हातभर अंतरावर बसते हीच त्याची जवळीक आहे, आणि ती मान्य करावी. नसबंदी न केलेला बोका चार-चार दिवस नाहीसा होत असेल, तर त्यावर नसबंदी हाच उपाय आहे.

नेमके कारण हाती लागत नसेल, तर दुधाचा हिशेब लिहितो त्याच दिनदर्शिकेवर रोज एक शब्द टिपावा: मांजर हाकेला आले की नाही, आणि त्या दिवशी घरात वेगळे काय झाले. पाहुणे, औषध, नवे खाद्य, रंगकाम, शेजारच्या बोक्याची फेरी, काहीही असो. दोन-तीन वेळा दुरावा आल्यानंतर पाने मागे उलटून पाहिली, की बहुधा एकच नोंद प्रत्येक वेळी त्याच्या आधी दिसते. दवाखान्यात नेण्याची वेळ आली, तर ही पाने सोबत न्यावीत आणि मोबाइलवर घरातलीच छोटी चित्रफीत काढून न्यावी: हाक मारल्यावर कान कसे हलतात, चालताना मागचे पाय कसे पडतात, उडी कशी मारली जाते. दवाखान्याच्या टेबलावर मांजर अंग चोरून दगडासारखे बसते आणि डॉक्टरांना त्यातले काहीच दिसत नाही. शहरात निदान झाले नाही, तर सुमारे चाळीस किलोमीटरवर आणंदला पशुवैद्यक महाविद्यालय आहे; तिथे जाताना मांजराला त्याच्या न धुतलेल्या अंथरुणासह पिंजऱ्यात ठेवावे, आणि त्यात बसवताना हाक मारू नये.